आधी वेलांटी, मग अक्षर

पांढरकवड्याला तहसील कचेरीच्या समोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅपटॉपची विक्री आणि दुरुस्ती. लॅपटॉप घ्यायला माणूस आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो, "कशासाठी पाहिजे?" कुणी म्हणतं पोरीच्या कॉलेजसाठी, कुणी म्हणतं ऑनलाइन फॉर्म भरायला, आणि बरेच जण म्हणतात, "असाच, रोजच्या वापराले. स्वस्तातला दाखवा." त्यावरून मी मनातल्या मनात माल ठरवतो आणि अर्ध्या तासात गिऱ्हाईक वाटेला लावतो. रेंगाळणारी माणसं मला आवडत नाहीत. बायको म्हणते, तुम्ही दुकानदार व्हायच्या ऐवजी कंडक्टर व्हायला पाहिजे होतं.

गोमतीबाई जाधवांनाही मी हाच प्रश्न विचारला.

"कायले म्हंजे?" त्या म्हणाल्या. "टाइप करायले. त्याच्यावर भाकरी थापतात काय?"

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पुढचे दोन-अडीच महिने या बाईनं माझं डोकं खाल्लं.

तहसीलच्या कंपाउंडमध्ये कडुलिंबाखाली बसून अर्ज टाइप करून देणं हे त्यांचं काम. माझ्या लहानपणापासून मी त्यांना तिथंच बघत आलो होतो. एक लाकडी स्टूल, त्यावर मराठी टाइपरायटर, आणि एक लांब बाक. बाकाच्या एका टोकाला बाई, त्यांच्या बाजूला अर्जदार. साठीच्या पुढच्या, अंगानं काटकुळ्या, केस करकचून बांधलेले. बंजारा तांड्यावरून आलेली माणसं त्यांना "याडी" म्हणत, म्हणजे आई. बाकी सगळ्यांच्या त्या नुसत्या "बाई". बाईही तांड्यावरच्याच, आणि तिथली पोरगी टायपिंगची परीक्षा पास झाली तेव्हा म्हणे लोक तिला बघायला आले होते. पण हे मला दुसऱ्यांकडून कळलं. बाईंना स्वतःच्या जुन्या गोष्टी सांगायला वेळ नसायचा.

खरं म्हणजे त्यांना बसायलाच वेळ नसायचा. अर्जदार बाकावर टेकला की त्या म्हणत, "सांग." आणि त्यानं तोंड उघडलं की स्वतः उठून उभ्या. तो बोलतोय आणि बाई झाडाभोवती फिरतायत, मध्येच कॅन्टीनपर्यंत जाऊन परत येतायत, मध्येच पदर खोचतायत. अर्जदार बिचारा मान वळवून वळवून त्यांना आपलं गाऱ्हाणं सांगत राही. नव्या माणसाला वाटे, बाईचं लक्ष नाही. मग त्या एकदम येऊन बसत आणि खाडखाड खाडखाड अख्खा अर्ज एका दमात हाणत. हात थांबला की अर्ज संपला. मी एकदा विचारलं, "बाई, एका जागी बसून का ऐकत नाही?" तर म्हणाल्या, "बसलं का माह्यं डोकं झोपते."

अर्जाबद्दल त्यांचं एक ठरलेलं होतं. "अर्जात रडाचं नाही. मागाचं." एकदा एका माणसाचं रेशनकार्डावरचं नाव उडालं होतं. तो अर्जात घरची सगळी दुःखं घालायला सांगत होता. बापाचं आजारपण, बैल मेला ते, भाऊ बोलत नाही तेही. बाई फिरत फिरत सगळं ऐकत होत्या. मग बसल्या आणि चार ओळींत अर्ज संपवला. माणूस रागावला. "मी एवढं सांगतलं, थे कुठं गेलं?"

"थे माह्याजवळ हाये," बाई म्हणाल्या. "साहेबाच्या घरीबी रडणं हाये, बाप्पा. तुह्यं कायले वाचन थो? नाव लावून माग. बस्स."

पुढच्या महिन्यात त्याचं नाव लागलं. तो पेढे घेऊन आला तर बाईंनी त्याला पुन्हा झापलं, की पेढ्यात पैसे कशाला घातले.

तर अशा बाईंना लॅपटॉप पाहिजे होता. कारण साधं होतं. टाइपरायटरची रिबीन नागपूरलाही मिळेनाशी झाली होती. आणि आत खिडकीवर कागदाबरोबर फाईलही मागायला लागले होते. "पेनड्राइव्हमध्ये आणा" म्हटलं की बाईंचा अर्जदार बाईंना सोडून माझ्या दुकानात यायचा. मला बरंच होतं. पण बाईंचं बाकडं रिकामं दिसायला लागलं.

त्या दुपारच्या सुट्टीत येत. मी समोर मशीन उघडून ठेवी आणि सुरू करी, एवढी रॅम, एवढी मेमरी, वजनाला हलका, बॅटरी सहा तास. बाई यातलं काही ऐकत नसत. उभ्या उभ्याच दोन्ही हात बटणांवर ठेवत, डोळे मिटत आणि तोंडानं पुटपुटत जोरात हाणत, "विनंती अर्ज सादर करण्यात येतो की." स्क्रीनवर काय उमटतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पातळ, नवे, चकचकीत लॅपटॉप त्या आघातानं टेबलावर सरकायचे. मला घाम फुटायचा.

"याचे बटणं चपटे हाये. दाबलं का नाही दाबलं, समजतच नाही."

"बाई, आता सगळे असेच येतात."

"मंग मी येतो उद्या." आपल्याबद्दल बोलताना त्या पुरुषासारखंच "येतो, जातो" म्हणत.

दुसऱ्या दिवशी मी मोठा लॅपटॉप दाखवला. उजव्या बाजूला आकड्यांची वेगळी बटणं असलेला. सगळ्या ऑफिसवाल्यांना तोच आवडतो. बाईंनी मधोमध उभं राहून हात ठेवले, दोन शब्द हाणले आणि मान हलवली. "हे सगळे बटणं एकीकडे सरकले हाये. मी बराबर मधात उभी राह्यतो अन् बोटं एक घर चुकतात." मी मोजून पाहिलं. खरंच होतं. आकड्यांच्या बटणांमुळे अक्षरांची बटणं डावीकडे ढकललेली असतात. आठ वर्षं मी हा माल विकतोय आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पण त्यावेळी मला त्याचं कौतुक वाटलं नाही, संताप आला. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकात खोट. दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती. माझा पारा चढला.

"बाई, डोळे उघडून एकदा स्क्रीन तरी बघा! किती साफ दिसतंय!"

त्या ती दोन गिऱ्हाइकं जाईपर्यंत कोपऱ्यात उभ्या राहिल्या. उभ्या म्हणजे या पायावरून त्या पायावर. मग स्वतः जाऊन दुकानाचं काचेचं दार लोटून आल्या.

"इंजिनेर," त्या म्हणाल्या. मी साधा डिप्लोमावाला, पण त्या मला इंजिनेरच म्हणत. "मले दिसून नाही राह्यलं. काचबिंदू हाये. मधातलं थोडंसं दिसते, नळीतून पाहल्यावानी. आजूबाजूचं गेलं. डॉक्टर म्हने, गेलं थे येत नाही, हाये थे जेवढं टिकन तेवढं. म्हनून मले असं मशीन दे का जे बोटाले दिसन."

मी समोरचा चकचकीत लॅपटॉप मिटला.

"अन् कोणाले सांगू नको. बाईले दिसत नाही हे समजलं का माह्याजवळ कोण बसन? आंधळीच्या हातचा अर्ज कोण घेऊन जाईन साहेबाकडं? बाकडं गेलं का पोरगी मले तिच्या गावाले, नेरले नेते. तिचं घर चांगलं हाये, जावई चांगला हाये. पण तिथं मी करू काय? सोफ्यावर बसू? मले बसणं जमत नाही रे."

डोळे उघडून बघा, असं मी त्यांना म्हणालो होतो. ते वाक्य मला अजून टोचतं. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

नंतर मीच कामाला लागलो. नव्या मालात खोल, उंच बटणांचा लॅपटॉप त्यांच्या ऐपतीत बसणारा मिळेना. मग कळलं, वणीला एक जण कोळसा कंत्राटदारांच्या ऑफिसांतली जुनी मशीनं घेऊन विकतो. जुनी म्हणजे जाड, जड, आणि बटणं अशी की दाबलं की टक्क वाजतं. मी एकटाच जाऊन आणतो म्हणालो. बाई ऐकतात कुठल्या. "बोटं काय तू नेणार हायेस?" बसमध्ये आम्हाला दोन जागा मिळाल्या, पण बाई मारेगावपर्यंत दांडा धरून उभ्याच. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, "मावशी, बसा." मावशींनी त्यालाच विचारलं, "तू काहून नाही बसत?"

वणीच्या त्या दुकानात सात-आठ मशीनं एकावर एक रचलेली होती. बाईंनी एकेकावर हात चालवले आणि पाचव्यावर थांबल्या. पुन्हा हाणलं, "विनंती अर्ज सादर करण्यात येतो की." टक्क टक्क टक्क. मग त्यांनी ते उचलून उलटं धरलं आणि पाठीवर थापटलं. काउंटरच्या काचेवर काळी पूड पडली. कोळशाची.

दुकानदार ओशाळला. "पुसून देतो, बाई."

"राहू दे. याच्यावर काम झालं हाये," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी भाव पाडायचंच विसरलो. तो त्यांनी स्वतः पाडला, आणि इतका पाडला की येताना तो दुकानदार आमच्याशी बोलला नाही.

वाटलं, सुटलो. पण खरं घोडं पुढंच अडलं.

मशीन आलं, मी त्यात मराठी टाकलं. आजकाल सगळीकडे असतं ते. बाईंनी पहिला अर्ज हाणला आणि मी वाचला. रहिवासीच्या जागी "रिहवासी". महिन्याच्या जागी "मिहना". जमिनीच्या जागी "जिमनी". मला आधी वाटलं, बाईंची बोटं चुकली. मग उलगडा झाला. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात, मग अक्षर. नव्या पद्धतीत अक्षर आधी, वेलांटी नंतर. बाई आधी वेलांटी मारत, आणि ती मशीन मागच्या अक्षराला चिकटवून देई.

मी समजावलं. "बाई, कंप्युटर आपण बोलतो तसं घेतो. आधी 'ह' म्हणतो, मग 'इ' लावतो."

"बोलणं कायचं? कागदावर वेलांटी आधी दिसते का नाही? जे आधी दिसते थे आधी टाकाचं. याच्यात माह्यं काय चुकलं?"

"चुकलं नाही, पण त्याला कळत नाही."

"म्हंजे त्यालेबी दिसत नाही म्हन," बाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांची सवय बोटांतून काढायची म्हणून त्या आठवडाभर झगडल्या. हात उचलला की वेलांटी आधीच पडलेली. पडली की त्या स्वतःच्याच बोटावर चापट मारत. मला ते बघवेना. म्हणून मी सोपी वाट काढली. एक जुना फॉन्ट टाकून दिला, ज्यात टाइपरायटरसारखंच सगळं चालतं. बाईंची बोटं सुसाट सुटली. कंपाउंडमध्ये पुन्हा खाडखाड ऐकू यायला लागली आणि बाकडं भरलं. मी स्वतःवर खूश होतो.

त्याच सुमाराला पोडावरचा भीमा आला. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. भीमा तिथला पंचेचाळीस-पन्नासचा माणूस, कमी बोलणारा. त्यांच्या पोडावरची एकोणीस घरं जंगलातली जमीन बापजाद्यांपासून कसत होती, तिच्या हक्काचे दावे शुक्रवारच्या आत जिल्ह्याला पाठवायचे होते. तांदळाच्या प्लास्टिकच्या पोतडीत सगळे कागद घेऊन तो आला आणि बाकावर बसला. "सांग," बाई म्हणाल्या. त्याला मराठीत नीट सांगता येईना, बाईंना कोलामी जेमतेम येत होती. तरी तीन दिवस तो सांगत होता आणि बाई फिरत होत्या. कुणाचा नाला कुठून जातो, कुणाची आजी कुठं पुरली, मोहाचं झाड कुणाच्या बांधावर. एकोणीस दावे झाले. माझ्या दुकानातून मी ते मेल केले.

बुधवारी बाईंना फोन आला. तो त्यांनी माझ्याकडेच आणून दिला. पलीकडचा कारकून भला माणूस होता, खरोखर गोंधळलेला. "अहो, हे तुम्ही कोलामीत पाठवलं काय? इथं तर काहीच वाचता येत नाही. आम्हाला मराठीत लागेल."

मला लगेच उमगलं. त्यांच्या कंप्युटरवर तो जुना फॉन्ट नव्हता. बाईंचं सगळं मराठी तिथं इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस यांचा लगदा होऊन उघडलं होतं.

बाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. मी पहिल्यांदाच त्यांना स्थिर उभं असलेलं बघत होतो. "माह्या डोळ्यानं चुकलं ना?" त्या हळू म्हणाल्या. "एकोणीस घरं होते रे."

"नाही बाई. माझं चुकलं. तुमचं एक अक्षर चुकलेलं नाही."

"म्हंजे बोटं बराबर होते?"

"बरोबर होती."

त्यांनी मोठ्ठा श्वास सोडला. आणि मग माझी जी खरडपट्टी काढली, ती कंपाउंडच्या फाटकापर्यंत ऐकू गेली असेल. मी मान खाली घालून मशीन पुढं ओढलं. टाइपरायटरच्या सवयीनं हात चालावा आणि अक्षरं मात्र नव्या पद्धतीची, कुठंही उघडणारी उमटावी, अशी सोय निघाली होती. ती शोधायला मला त्या दिवशी दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी आधी काढली नव्हती.

झालेले एकोणीस दावे मी एका प्रोग्रामनं नव्या फॉन्टमध्ये बदलले. पण त्यात रफार उडाले, जोडाक्षरं फुटली, काही शब्द भलतेच झाले. सगळं तपासायला वेळ कुठला? बाई म्हणाल्या, "तू वाच." मी दुकान बंद केलं आणि वाचायला बसलो. बाई दुकानातल्या दुकानात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. "थांब. 'नाल्याच्या उगवतीले' होतं." "थांब, थे 'आत्राम' हाये, 'अत्रम' नाही." "त्याच्याआंधी एक ओळ गेली, मोहाच्या झाडाची." एकोणीसही दावे त्यांना तोंडपाठ होते. कुठल्या ओळीत स्वल्पविराम आहे तेसुद्धा. गुरुवारी संध्याकाळी सगळं गेलं आणि शुक्रवारी पोचल्याचा निरोप आला. पुढच्या आठवड्यात भीमा रानातली पिकलेली टेंभरं घेऊन आला. बाईंनी निम्मी मला दिली, आणि म्हणाल्या, "चूक कबूल केली म्हनून. नाहीतर बिया दिल्या असत्या."

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष बाईंचं मशीन चाललं. नळी बारीक होत गेली असणार, त्या सांगत नव्हत्या आणि मी विचारत नव्हतो. त्यांच्या फेऱ्या आधी कॅन्टीनपर्यंत असत, मग झाडापुरत्या झाल्या, मग झाडाच्या बुंध्यावर एक हात ठेवून. शेवटी बाकाच्या मागे उभं राहून नुसतं झुलणं. मला ते बघून अस्वस्थ व्हायला होई आणि मी उगाच दुकानात कुणावर तरी ओरडे.

एका दुपारी तासाभरापासून लाइट नव्हती. दुकानात बसून करायचं काय, म्हणून मी चहाला निघालो. बाईंच्या मशीनची बॅटरी जुनी, वायर कॅन्टीनमधून घेतलेली. म्हणून जाता जाता डोकावलो. बाकावर बाजूला भीमा बसला होता. बाई टाइप करत होत्या, तीच खाडखाड. मी मागून दोन पावलं जवळ गेलो आणि थबकलो.

स्क्रीन काळी होती. मशीन केव्हाच बंद पडलं होतं. बटणं तेवढी वाजत होती, आणि बाई हाणत होत्या.

सांगावं म्हणून मी पुढं झालो, तेवढ्यात त्यांचे हात थांबले. अर्ज झाला की तो अर्जदाराला वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि ओळीखालून सरकवत वाचायला लागल्या. "विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, आमच्या पोडावरील हातपंप मागील चार महिन्यांपासून बंद असून..." काळ्या काचेवरून बोट सावकाश सरकत होतं. ओळ संपली की बोट डावीकडे येई, थोडं खाली उतरे, आणि पुढची ओळ सुरू. स्वल्पविरामाला त्या थांबत होत्या. शेवटी "आपला विश्वासू" म्हणून त्यांनी बोट उचललं.

"बराबर हाये का?"

भीमानं त्या काळ्या स्क्रीनकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बराबर हाये, बाई," तो म्हणाला.

बाईंनी चाचपून पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या हातात दिला. "जा, इंजिनेरकडून कागद काढून घे."

आम्ही दोघं रस्ता ओलांडून दुकानात आलो. मी काही बोलायच्या आत त्यानं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. "याच्यात काही नसन."

"तुला माहीत आहे?"

"सगळ्याईले माहीत हाये. मांगल्या उन्हाळ्यापासून."

"मग बाईंकडेच का जाता तुम्ही?"

त्यानं मला खुळ्यात काढल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "बाई ऐकते ना," तो म्हणाला.

तेवढ्यात लाइट आली. मी म्हणालो, अर्ज मी ऐकलाय, पाच मिनिटांत इथंच करून देतो. तो मान हलवत राहिला. "मंग बाई काय करन?" असं विचारून तो उठला. "उद्या येतो मी. म्हनतो, कागद हरवला."

पोडावरून पांढरकवडा अठरा किलोमीटर. अर्ध्या वाटेपर्यंत पायी. मी त्याला बसचे पैसे देऊ केले, तर तो हसला आणि निघून गेला. मी काउंटरमागे बसून राहिलो. मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दहालाच जाऊन मी वायर तपासली, मशीन चालू आहे ना ते पाहिलं. बाईंना म्हणालो, सहज आलो. बाई म्हणाल्या, "तू सहज कधी येत नाहीस." त्यानंतर महिन्याभरात पोरगी येऊन त्यांना नेरला घेऊन गेली. मी त्या दिवशी मुद्दाम नागपूरला माल आणायला गेलो होतो. नेरला अजूनही गेलेलो नाही. त्या सोफ्यावर बसलेल्या मला बघायच्या नाहीत. म्हणून माझ्यासाठी बाई म्हटलं की वायर तपासली ती सकाळ.

त्या सकाळी अकराच्या सुमाराला भीमा आला आणि बाकाजवळ उभा राहिला. "बाई, कागद हरवला माह्याजवळून."

"हरवला?" बाई ताडकन उठल्या. "काल नेला अन् आज हरवला? ध्यान कुठं राह्यते रे तुह्यं? चार महिन्यापासून बायका नाल्यावर जाऊन राह्यल्या अन् तुले एक कागद सांभाळता येत नाही? पुन्हा हातानं कागद देणार नाही मी तुले, गळ्यात बांधून धाडीन!"

"चुकलं, बाई," भीमा म्हणाला.

"बस. सांग पयलेपासून."

तो बसला आणि मान खाली घालून, जसं काही पहिल्यांदाच सांगतोय तसं, हातपंपापासून सांगायला लागला. बाई मध्ये मध्ये त्याला झापतच होत्या. खिडकीवरच्या रांगेतली माणसं, कॅन्टीनवाला, स्टँप विकणारा, सगळे ऐकत होते. एकही जण हसला नाही.